पाण्याला धाग्याचा आधार

उन्हाळ्याच्या दिवसांत सरबतात किंवा फालुद्यात घालण्यासाठी सब्जाच्या बिया पाण्यात भिजत टाकतात. बारीक, काळ्याभोर आणि कोरड्या अशा त्या बिया पाण्यात पडताच काही मिनिटांत फुगतात आणि प्रत्येक बीभोवती एक पारदर्शक, बुळबुळीत आवरण तयार होते. हे आवरण बहुतांशी पाण्याचेच असते. तरीही ते पाण्यासारखे वाहून जात नाही. चमच्याने ढवळले, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतले, तरी ते बीला घट्ट धरून राहते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता या चिवटपणाचे कारण उमगते. बीच्या सालीपासून निघालेले, केसाहून कितीतरी बारीक असे सेल्युलोजचे धागे त्या आवरणात पसरलेले असतात आणि सारा मऊ लगदा त्यांच्या आधाराने सावरलेला असतो. पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ आणि त्याला सावरणारा बारीक धागा ही जोडी निसर्गाने वनस्पतींत, प्राण्यांत आणि मनुष्याच्या शरीरातही ठिकठिकाणी योजिली आहे. तीच जोडी प्रयोगशाळेत जमविण्याचा प्रयत्न गेली काही दशके रसायनशास्त्रज्ञ करीत आहेत. तो यशस्वी झाला, तर गुडघेदुखीने जागच्या जागी खिळलेल्या असंख्य माणसांना त्याचा लाभ होईल.

ज्या पदार्थात भरपूर पाणी असते आणि तरीही जो आपला आकार टिकवून धरतो, त्याला हायड्रोजेल असे म्हणतात. चायना ग्रास उकळून, थंड करून केलेल्या जेलीची वडी हे त्याचे घरगुती उदाहरण होय. अशा पदार्थाची अंतर्गत रचना कोळ्याच्या जाळ्यासारखी असते. लहान रेणू हजारोंच्या संख्येने, माळेतील मण्यांप्रमाणे, एकापुढे एक जोडले गेले म्हणजे जो लांबलचक रेणू तयार होतो, त्यास बहुवारिक म्हणतात. अशा अनेक साखळ्या जागोजागी एकमेकींशी सांधल्या गेल्या, की त्यांचे एक अखंड जाळे बनते. साखळ्यांचे दुवे पाण्याची ओढ असणारे असतील, तर पाणी त्या जाळ्यात शिरते, जाळे फुगते आणि आत आलेले पाणी तेथेच अडकून राहते. जाळे पाण्याला वाहू देत नाही आणि पाणी जाळ्याला मिटू देत नाही.

मनुष्याने असे जाळे हेतुपूर्वक घडविले आणि ते शरीरासाठी वापरावयाचे ठरविले, ही गोष्ट फार जुनी नाही. चेकोस्लोव्हाकियातील ऑटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९६० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध करून, पाणी धरणारी कृत्रिम जेले शरीराच्या कामी कशी येतील हे दाखविले. विख्टर्ले यांना १९५८ साली राजकीय कारणांवरून प्रागमधील आपली अध्यापनाची जागा सोडावी लागली होती. पुढे १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या जोडून एक यंत्र उभारले, त्याला सायकलच्या डायनॅमोची जोड दिली आणि फिरत्या साच्यात डोळ्यावर बसवावयाची पहिली मऊ भिंगे ओतून काढली. आज जगभर कोट्यवधी लोक डोळ्यांत जी मऊ भिंगे वापरतात, त्यांचा उगम त्या टेबलावर आहे. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाने हा पदार्थ खपवून घेतला, याचे मुख्य कारण त्यात मुरलेले पाणी. शरीर स्वतःच बव्हंशी पाण्याचे असल्यामुळे पाण्याने भरलेला पदार्थ त्याला परका वाटत नाही.

परंतु भिंगाला डोळ्यावर नुसते बसून राहावयाचे असते. त्याला ओझे उचलावयाचे नसते. कृत्रिम जेलाकडून श्रमाचे काम घेऊ गेल्यास त्याचा दुबळेपणा उघडा पडतो. जेलीच्या वडीच्या कडेला सुरीने बारीकशी चीर द्यावी आणि दोन टोके धरून हलकेच ओढावे. ती चीर क्षणात आरपार जाते आणि वडीचे दोन तुकडे होतात. असे का व्हावे? एक तर, जेलाचा बहुतेक भाग पाण्याचा असल्यामुळे भार पेलण्यास साखळ्या थोड्याच असतात. दुसरे असे, की जाळ्याचे फास सारखे नसतात. काही साखळ्या लांब आणि सैल, तर काही आखूड आणि पाण्याने फुगल्यामुळे आधीच ताणलेल्या असतात. ओढ बसताच आखूड साखळ्यांवर सारा ताण येतो आणि त्या तुटतात. मग तो ताण शेजारच्या साखळ्यांवर जातो, त्याही तुटतात, आणि वाटेत कोठेही अडथळा नसल्यामुळे चीर धावत सुटते.

यावर एक सोपा उपाय सुचतो. जाळे अधिक दाट विणावे, म्हणजे झाले! परंतु दाट जाळ्यात पाणी कमी मावते, पदार्थ कडक होतो आणि ठिसूळही होतो. बळ वाढवावे तर पाणी जाते. पाणी राखावे तर बळ जाते. हा पेच अनेक वर्षे सुटला नव्हता.

हा पेच केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा असता, तर त्याची एवढी मातबरी वाटली नसती. वस्तुतः तो प्रत्येक माणसाच्या सांध्यांशी निगडित आहे. गुडघ्यात जेथे दोन हाडे समोरासमोर येतात, तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढुरक्या पदार्थाचा दोन ते चार मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. या थरात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. म्हणजे कूर्चा हे एक हायड्रोजेलच आहे. साध्या चालण्यात गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यातील ती पातळ चकती प्रत्येक पावलाला सव्वाशे ते पावणेदोनशे किलोंचा भार झेलते, आणि अशी पावले वर्षाकाठी प्रत्येक पायामागे दहा लाखांच्या घरात जातात. ज्या देशात जेवण, पूजा, स्वयंपाक, शेतातील खुरपणी आणि कारागिराचे काम पिढ्यान्‌पिढ्या मांडी घालून किंवा उकिडवे बसून चालत आले आहे, तेथे गुडघा पूर्णपणे वाकणे ही चैनीची गोष्ट नव्हे. गुडघा गेला, की माणसाचा नित्यक्रमच बदलतो. त्याला पंगतीतून उठून खुर्चीवर बसावे लागते, आणि खुर्चीवर बसून करता न येणारे काम ज्याचे असेल, त्याच्या पोटावरच पाय येतो.

या कूर्चेचे दुर्दैव असे, की ती एकदा झिजली म्हणजे पुरतेपणी भरून येत नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे कातडीवरच्या जखमेप्रमाणे रक्तातून येणारी दुरुस्तीची सामग्री तिच्यापर्यंत पोहोचत नाही. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हीच गोष्ट मांडली होती, आणि पावणेतीनशे वर्षांनंतरही ती मोठ्या अंशाने खरी आहे. झीज फारच झाली, तर सांधा काढून त्या जागी धातूचा आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवितात. ही शस्त्रक्रिया उपकारक आहे यात शंका नाही. परंतु कूर्चेचा रुपयाएवढा तुकडा खराब झाला म्हणून संपूर्ण सांधाच कापून काढावा, हे मनाला पटत नाही. रुपयाएवढ्या जागी रुपयाएवढेच ठिगळ लावता आले तर किती बरे होईल! मात्र ते ठिगळ कूर्चेसारखेच ओले, मऊ, निसरडे आणि तरीही बळकट असले पाहिजे.

मग निसर्गाने कूर्चेत हा पेच कसा सोडविला आहे? उत्तर गादीवाल्याच्या दुकानात सापडते. कापूस ठासून भरला म्हणजे तो बाहेर रेटा देतो, आणि शिवलेले अस्तर त्याला आत दाबून धरते. कापसाच्या रेट्याने अस्तर ताणलेले राहते, अस्तराच्या धाकाने कापूस जागच्या जागी राहतो, आणि गादीला वजन पेलण्याची शक्ती येते. कूर्चेत कापसाचे काम विद्युत्‌भार धारण करणारे, पाण्यासाठी आसुसलेले मोठे रेणू करतात. ते पाणी ओढून घेऊन फुगू पाहतात. अस्तराचे काम कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे करतात. हे धागे जाडीला नॅनोमीटरच्या हिशेबाने मोजावे लागतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, म्हणजे त्यांतील एक भाग एक नॅनोमीटर होय. दाब पडला, की फुगलेले रेणू आणि पाणी तो झेलतात; ओढ पडली, की धागे ती झेलतात.

या कोलॅजेनची घडण उलगडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी भारताकडे जाते. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्ता यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण सोडून मिळालेल्या आकृतींचा अभ्यास केला आणि १९५४ साली असे दाखविले, की कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांनी बनलेला असतो. पुढच्याच वर्षी त्यांनी या रचनेत सुधारणा करून, त्या तीन साखळ्या तिपेडी दोराप्रमाणे एकमेकींभोवती पिळलेल्या असतात हे सांगितले. विहिरीवरचा दोर ज्या कारणासाठी पिळतात, त्याच कारणासाठी शरीरानेही आपला दोर पिळलेला आहे.

निसर्गाची ही युक्ती मनुष्याने फार पूर्वीच उचलली होती, हे खेड्यातील मातीचे घर पाहिले म्हणजे ध्यानात येते. भिंतीसाठी माती तुडविताना तीत भाताचा पेंढा किंवा गव्हाचा भुसा मिसळतात. नुसत्या मातीची भिंत वाळताना तडकते. काड घातलेली भिंत तडकली, तरी काड दोन्ही कडांना धरून ठेवते आणि चीर पुढे जात नाही. जेलातही धागे घालावेत, ही कल्पना याच जातीची आहे. परंतु येथे एक अडचण उभी राहते. साधा धागा जेलाच्या साखळ्यांच्या मानाने अतिशय जाड असतो. जेल त्याला धरू शकत नाही. शेवयांच्या खिरीतून शेवई निसटावी, तसा तो निसटतो. धाग्याने जेलाचा भार उचलावयाचा, तर दोघांची एकमेकांवर पकड हवी, आणि पकड हवी तर स्पर्शाचे क्षेत्र मोठे हवे.

येथेच धाग्याच्या बारीकपणाचे महत्त्व कळते. सेल्युलोजचा एक ग्रॅम घ्यावा. त्याचा वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या जाडीचा भरीव धागा काढला, तर त्याचा पृष्ठभाग एका चौरस मीटरच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्शाएवढा होईल. एखाद्या हातरुमालाएवढा म्हणावयास हरकत नाही. त्याच एक ग्रॅमचे चार नॅनोमीटर जाडीचे धागे केले, तर पृष्ठभाग साडेसहाशे चौरस मीटरांच्या पुढे जाईल. आणि हे सारे धागे एकापुढे एक मांडले, तर त्यांची लांबी पाच कोटी किलोमीटरांहून अधिक, म्हणजे पृथ्वीपासून चंद्राच्या अंतराच्या शंभरपटींहून जास्त भरेल. हे गणित केवळ भूमितीचे आहे; परंतु चिमूटभर नॅनोधागा घागरभर जेलात बदल का घडवू शकतो, हे त्यावरून ध्यानी यावे. शिवाय हा धागा दुबळा नाही. स्फटिकरूप सेल्युलोजचा ताठपणा पोलादाच्या ताठपणाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास भरतो, आणि त्याची घनता मात्र पोलादाच्या एक-पंचमांशच असते.

असा धागा कोठून आणावयाचा, हा प्रश्न सोपा आणि अवघड असा दोन्ही आहे. सोपा यासाठी, की प्रत्येक झाडाच्या, गवताच्या, कापसाच्या बोंडाच्या पेशीभित्तिका याच धाग्यांनी विणलेल्या आहेत. अवघड यासाठी, की हे धागे एकमेकांना इतके घट्ट बिलगून बसलेले असतात, की ते सुटे करणे कष्टाचे काम होते. स्वीडनमधील उप्साला येथे रॉन्बी या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास गंधकाम्लाचा उपयोग करून धाग्याचे सैल भाग विरघळविले आणि आखूड, काडीसारखे स्फटिक मिळविले. पुढे अमेरिकेत टर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध एकजीव करण्यासाठी वापरतात त्या जातीच्या यंत्रातून लाकडाचा लगदा मोठ्या दाबाखाली पुनःपुन्हा दाबून काढला. तेव्हा त्याचा दाट, पारभासक जेलासारखा पदार्थ बनला. ही पद्धत उत्तम होती, पण तिला वीज फार लागे. टोकियो विद्यापीठात आकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी या अडचणीवर रासायनिक तोड काढली. त्यांनी धाग्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार बसविला. सारख्या भाराचे धागे एकमेकांना दूर सारू लागले, आणि थोड्याशा ढवळण्यानेच तीन ते चार नॅनोमीटर जाडीचे धागे पाण्यात सुटे झाले. त्यांचा हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला. २०१५ साली त्यांना व त्यांचे सहकारी योशिहारू निशियामा यांना या कार्यासाठी मार्कुस वालेनबेरी पारितोषिक मिळाले.

झाड फोडून धागा काढण्याऐवजी तो विणवून घेण्याचीही एक रीत आहे, आणि विणकर आहे एक जिवाणू. ए. जे. ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली असे नोंदविले, की सिरका करताना द्रवावर जी जाड, चिवट साय धरते, ती एका जिवाणूने निर्माण केलेले सेल्युलोज आहे. साखरेच्या द्रवात पोहताना हे जिवाणू आपल्या अंगातून अखंड धागा सोडीत जातात. धाग्यात धागा गुंतून जी चादर बनते, तीत जवळजवळ नव्याण्णव टक्के पाणी असते आणि तरीही ती हातात उचलता येते. फिलिपीन्समध्ये नारळाच्या पाण्यावर हीच साय वाढवून तिच्या वड्या गोड पाकात घालून खातात. ‘नाता दे कोको’ या नावाने ते पक्वान्न देशोदेशी जाते. जी वडी तेथे मुले आवडीने खातात, तीच प्रयोगशाळेत कूर्चेच्या अस्तराची उमेदवार ठरली.

धागा आणि कृत्रिम जेल यांची गाठ घालण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिली रीत मातीत पेंढा मिसळण्याची. पाण्यात सुटे केलेले नॅनोधागे बहुवारिकाच्या कच्च्या द्रवात ढवळावयाचे आणि मग त्या द्रवाचे जाळे होऊ द्यावयाचे. दुसरी रीत विणलेल्या कापडाला खळ देण्याची. धाग्यांची चादर आधी तयार असते. तिच्या छिद्राछिद्रांत बहुवारिकाचा द्रव मुरवावयाचा आणि तेथेच त्याचे जाळे बनवावयाचे. दोन्ही रीतींत बळ येण्याचे कारण एकच. चीर पुढे सरकू लागली, की तिच्या वाटेत ताठ धागे आडवे येतात. काही धागे चिरेच्या दोन्ही कडांना पुलासारखे धरून राहतात. काही ओढले जातात. पण प्रत्येक धागा निसटताना जेलाशी असलेले त्याचे असंख्य दुबळे रासायनिक बंध एकामागून एक तुटतात आणि चीर धावविणारी शक्ती त्या तुटण्यातच खर्ची पडते. एकेक बंध क्षुल्लक असतो. पण हजार हातांनी धरलेला दोर सुटत नाही. शिवाय यांतील पुष्कळसे बंध ओढ संपल्यावर पुन्हा जुळतात.

पहिल्या रीतीची मुख्य अडचण धाग्यांच्या स्वभावात आहे. त्यांना पाण्याहून एकमेकांची ओढ अधिक. द्रवात क्षार अधिक झाले, किंवा ढवळणे कमी पडले, की ते गोळा होतात. आणि पिठल्यात गाठी राहाव्यात, तशा जेलात गाठी राहतात. गाठीमुळे बळ वाढत नाही. उलट चीर तेथूनच सुरू होते. एकदा सुकलेले धागे पुन्हा पाण्यात घातले, तरी पूर्वीसारखे सुटे होत नाहीत, म्हणून ते ओलेच साठवावे आणि ओलेच वाहून न्यावे लागतात. शिवाय शेकडा एक-दोन भाग धागा पडला तरी द्रव इतका दाट होतो, की आणखी धागा मिसळणे दुरापास्त होते.

जेलाला बळ देण्याच्या इतिहासात २००३ हे वर्ष महत्त्वाचे मानतात. त्या साली जपानमधील होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जाळ्यात दुसरे जाळे गुंफून, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेदोनशे किलोंचा दाब सोसणारे, पाण्याने भरलेले जेल करून दाखविले. या जोडजाळ्यातील एक जाळे ताठ, तर दुसरे लवचीक होते. जेल म्हणजे दुबळे, हा समज त्या दिवशी मोडला. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने ताठ जाळ्याच्या जागी जिवाणूंच्या सेल्युलोजची चादर घेतली आणि तीत जिलेटिन मुरविले. नुसती चादर दाबली, तर ओल्या फडक्याप्रमाणे पिळून निघे आणि पूर्वस्थितीवर येत नसे. जिलेटिनची जोड मिळताच ती दाब काढल्यावर पुन्हा फुगू लागली. धाग्याने जेलाला बळ दिले आणि जेलाने धाग्याला उभारी दिली.

या मार्गावरील पुढचे मोठे पाऊल अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पडले. तेथे बेंजामिन वायली, केन गॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली कूर्चेच्या घडणीचा जणू प्रतिध्वनी तयार केला. कोलॅजेनच्या जागी जिवाणूंचे सेल्युलोज आले. पाणी ओढणाऱ्या भारित रेणूंच्या जागी तशाच गुणाचे एक कृत्रिम बहुवारिक आले. आणि दाब काढल्यावर पदार्थाला मूळ आकारावर आणण्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे तिसरे द्रव्य आले. ताण आणि दाब या दोन्ही कसोट्यांना गुडघ्याच्या कूर्चेच्या बरोबरीने उतरलेले ते पहिले कृत्रिम जेल ठरले. दोन वर्षांनी, २०२२ साली, याच गटाने आणखी एक सुधारणा केली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे जेल गोठवून आणि वितळवून घट्ट करण्याचा प्रघात होता. त्यांनी त्याऐवजी ते उष्णतेने घट्ट केले. उष्णतेने साखळ्या अधिक नीट रचल्या जाऊन त्यांचे बारीक स्फटिक बनले आणि हे स्फटिक जाळ्याच्या गाठींचे काम करू लागले. सेल्युलोजच्या चादरीसह हे जेल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५२० किलोंची ओढ आणि सुमारे ८०० किलोंचा दाब सोसू शकले. हे आकडे नैसर्गिक कूर्चेच्या आकड्यांहून सरस होते. दहा लाख वेळा घासून पाहिले, तेव्हा कूर्चेच्या मानाने त्याची झीज एक-तृतीयांशच झाली.

एवढ्यावरून गुडघ्याचा प्रश्न सुटला असे मानणे मात्र घाईचे होईल. पहिला प्रश्न बसविण्याचा. ओला, निसरडा पदार्थ हाडावर चिकटवावयाचा कसा? निसरडेपणा हाच ज्याचा गुण, त्याला धरून ठेवणे हे त्या गुणाविरुद्ध काम आहे. ड्यूकच्या गटाने जेलाची चकती टिटॅनियमच्या आधारावर घट्ट बसवून तो आधार हाडात रोवण्याचा मार्ग काढला आणि मेंढ्यांवर त्याच्या चाचण्या सुरू केल्या. दुसरा प्रश्न काळाचा. प्रयोगशाळेतील दहा लाख फेरे म्हणजे गुडघ्याचे जेमतेम एक वर्ष, आणि रुग्णाला ठिगळ हवे असते ते वीस-पंचवीस वर्षांसाठी. या बाबतीत एक उदाहरण सावध करणारे आहे. धाग्यांचा आधार नसलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जेलाचे एक आरोपण पायाच्या अंगठ्याच्या सांध्यासाठी अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाले होते. पुढे अपेक्षेहून अधिक रुग्णांत अडचणी आढळल्यामुळे उत्पादकाने ते २०२४ साली परत घेतले. प्रयोगशाळेतील कसोटी ही परीक्षेची पहिली पायरी. शरीर स्वतःची परीक्षा स्वतःच्या गतीने घेत असते.

तिसरा प्रश्न सेल्युलोजच्या स्वभावाचा आहे. मनुष्याच्या शरीरात सेल्युलोज पचविणारा पाचकरस नाही. जे ठिगळ कायमचे राहावयाचे, त्याच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच होय. कारण धागा शरीरात विरघळून जाणार नाही. परंतु जेथे जेलाने नव्या पेशींना काही काळ आधार देऊन नंतर नाहीसे व्हावे अशी अपेक्षा असते, तेथे हाच गुण अडचण ठरतो. म्हणून अशा कामांसाठी कोलॅजेन, रेशीम किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांत सापडणारे कायटिन यांचे धागे वापरून पाहण्यात येत आहेत. प्रत्येक कामाला आपापला धागा शोधावा लागतो.

सांधे हे या विद्येचे एकच क्षेत्र नव्हे. भाजलेल्या जखमेवर ठेवावयाची ओली पट्टी फाटू नये, जमिनीत ओलावा धरून ठेवण्यासाठी घातलेले जेल मुळांच्या दाबाने चुरडू नये, यासाठीही धाग्याची जोड देण्याचे प्रयोग झाले आहेत. भारताच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी, की या धाग्यांचा कच्चा माल येथे विपुल आहे. सरकी काढल्यावर तिला चिकटून राहिलेले कापसाचे आखूड तंतू, उसाची चिपाडे, भाताचा पेंढा, केळीचे खुंट या सर्वांत सेल्युलोज आहे, आणि यांतील पुष्कळसे आज जाळले किंवा टाकून दिले जाते. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली कापसाच्या तंतूंची परीक्षा करण्यासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. या संस्थेने कापसाच्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज काढण्याची पद्धत बसवून त्यासाठी एक पथदर्शी कारखाना उभारला आहे. ज्या संस्थेने कापसाच्या लांब धाग्याची पारख करण्यात आयुष्य घालविले, तिनेच आता डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्याकडे वळावे, हे योग्यच झाले.

मात्र आखूड तंतूपासून गुडघ्यापर्यंतची वाट लांब आहे. शरीरात बसवावयाच्या द्रव्याची शुद्धता, त्याच्या वर्षानुवर्षांच्या चाचण्या, आणि शेवटी सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी किंमत, एवढे टप्पे त्या वाटेवर आहेत. ते ओलांडण्यास किती काळ लागेल, हे प्रयोगशाळेतील आकडे सांगू शकत नाहीत. पण दिशा कोणती, हे आता स्पष्ट झाले आहे. बळासाठी मऊपणा टाकावा लागतो आणि मऊपणासाठी बळ सोडावे लागते, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ धरून चालले होते. निसर्गाने हा सौदा कधीच केला नव्हता. त्याने पाणी पाण्याच्या जागी ठेवले, धागा धाग्याच्या जागी ठेवला, आणि दोघांना एकमेकांचा हात धरावयास लावले. सरबताच्या पेल्यात तरंगणारी सब्जाची बी ही गोष्ट प्रत्येक उन्हाळ्यात सांगत होती. ती ऐकू येण्यास मनुष्याला नॅनोमीटरपर्यंत खाली वाकावे लागले, इतकेच.